उमरेडची खुंटी

साहेबांच्या शोकसभेत ज्यांनी ज्यांनी भाषणं केली, त्यांच्यातल्या एकानेही साहेबांकडे नोकरी केलेली नव्हती. म्हणून त्यांना इतकं बोलता आलं. एक वकील तर म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं घडवली आणि पंख फुटले तसा आशीर्वाद देऊन प्रत्येकाला उडू दिलं." मी मागच्या रांगेत होतो. शेजारी काटोल बसला होता. मी खुर्चीत पुढे सरकल्याचं पाहून त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसून राहा गा. मेलेल्या मानसाच्या मागं कायले तमाशा?"

मी बसून राहिलो. पण राग बसला नाही.

काटोल हे माणसाचं नाव नाही. ते त्याचं गाव. साहेब कोणालाच नावाने हाक मारत नसत. धंतोलीतल्या त्यांच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे आपापली गावं होतो. काटोल, तुमसर, सावनेर, आणि मी उमरेड. आत शिरल्याबरोबर डाव्या भिंतीला लाकडी खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीखाली साहेबांनी स्वतः ब्रशने गावाचं नाव लिहिलेलं, आणि तिच्यावर त्या गावाचा पांढरा ॲप्रन. जो नोकरी सोडून जाई त्याचा ॲप्रन तिथेच लटकत राही. तो कोणी काढायचा नाही, धुवायचा नाही, नव्या माणसाला द्यायचा नाही. मी रुजू झालो तेव्हा 'आर्वी' आणि 'पवनी' असे दोन ॲप्रन पिवळे पडून लटकत होते. मी काटोलला विचारलं, हे दोघं सुट्टीवर आहेत का. तो म्हणाला, "सोडून गेले. साहेबाच्या लेखी मेले."

साहेब पॅथॉलॉजिस्ट म्हणून नावाजलेले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या विदर्भातून माणसं यायची. धंतोलीतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट चालत नसे. ऐन मे महिन्यात ते गळाबंद कोट घालून बसत आणि पंखा लावू देत नसत, कारण पंख्याने काचेवर धूळ बसते. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर बाकावर रोगी घामाने निथळत असायचे आणि गेल्या वेळच्या रिपोर्टाने वारा घ्यायचे. उपाशीपोटी आलोय असं कोणी सांगितलं तर साहेब विश्वास ठेवत नसत. "जीभ काढ," म्हणायचे. जीभ बघायचे, वाकून वास घ्यायचे, आणि म्हणायचे, "चौकातले पोहे. वर तर्री घेतलीस. उद्या ये." माणूस ओशाळून निघून जायचा. साहेब आमच्याकडे वळून म्हणायचे, "रक्त खोटं बोलत नाही. रोगी बोलतो." हे ते इतक्यांदा म्हणत की आम्ही आत काचा धुताना त्यांच्याआधीच पुटपुटायचो.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र हसण्यासारखं नव्हतं. ते म्हणजे, "इथे डोळा एकच."

आतल्या खोलीत मायक्रोस्कोप होता. त्यावर त्यांच्या आईच्या रेशमी लुगड्याचा तुकडा झाकलेला असे. त्यातून फक्त साहेब बघत. आम्ही रोग्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, तो काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा, धुवायचा, पुन्हा वाळवायचा आणि ती स्लाइड ट्रेमध्ये मांडून आत नेऊन ठेवायची. मग बाहेर यायचं. आत साहेब डोळा लावून बसत आणि मोठ्याने आकडे सांगत, ते आम्ही लिहून घ्यायचे. आपण रंगवलेली स्लाइड कशी दिसते हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. मी बी.एस्सी. होतो. कॉलेजात मायक्रोस्कोपला डोळा लावूनच मी प्राणिशास्त्र शिकलो होतो. आणि इथे, स्वयंपाक करणाऱ्या बाईने भाजीची चव घ्यायची नाही, तशी माझी गत.

मी हे लिहितो आहे तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. बाबा उमरेडला हातमागावर धोतरं विणायचे. डिग्री घेऊन मी नागपुरात फिरलो तेव्हा माझ्या बोलण्यावर हसून लोकांनी मला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. साहेबांनी फक्त माझे हात पाहिले. "बोटं कापत नाहीत. उद्यापासून ये," म्हणाले. बाबांना इतका आनंद झाला की ॲप्रनसाठी त्यांनी स्वतः मागावर जाड पांढरं कापड विणलं. इतरांचे ॲप्रन बाजारातल्या कापडाचे होते. माझा बाबांच्या हातचा होता. साहेबांनी तो चिमटीत धरून पाहिला, "मजबूत आहे," म्हणाले, आणि कॉलरच्या आतून धोब्याच्या शाईने 'उमरेड' लिहिलं.

पुढे माय टायफॉइडने पडली, तेव्हा कुठे खाट मिळत नव्हती. साहेबांनी एक फोन केला आणि धंतोलीतल्याच एका दवाखान्यात तिला जागा झाली. रोज जाता-येता ते स्वतः डोकावून तिची विचारपूस करत. माय वाचली. हे मी कधी विसरलो नाही, आणि कोणी विसरूही दिलं नाही. साहेबांनी त्या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांना गरजच नव्हती. बाबा होते ना.

आणखी एक. माझ्या तोंडून 'मले' निघालं की साहेब हातातलं काम थांबवायचे. "मला," म्हणायचे. "म्हण. मला." बाहेर रोग्यांनी भरलेला बाक असायचा. मी म्हणायचो, "मला." ते म्हणायचे, "पुन्हा." एखादं शाळकरी पोरगंही बाकावरून माझ्याकडे बघून हसायचं. मला तेव्हा वाटे, साहेब आपल्याला माणसांत आणून राहिले आहेत. खरंच वाटे.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग चंद्रपूरकडच्या एका कोळसाखाणीच्या दवाखान्यात जागा निघाली. मी जाऊन भेटून आलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सरळ मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "काय दिसतं सांगा." मला सगळं दिसलं. त्यांनी मला घ्यायचं कबूल केलं. परतीच्या गाडीत मी ठरवलं की साहेबांशी माणसासारखं बोलायचं. चोरून जायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी, रोगी संपल्यावर, मी आत गेलो.

"साहेब, थोडं बोलायचं होतं."

"बोल, उमरेड."

"साहेब, इथे माझं पुढे काय?"

"पुढे?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुढे चौक आहे. चौकाच्या पुढे रेल्वेचा पूल आहे."

मी हसलो, कारण ते हसले. मग म्हणालो, "तसं नाही साहेब. मला स्लाइड वाचायची आहे. तुम्ही शिकवलंत तर मी इथेच राहीन. चंद्रपूरकडे एक जागा आहे, तिथे वाचायला देतात. तुम्ही काय म्हणता?"

किती सरळ प्रश्न होता! हो म्हणा, नाही म्हणा, जा म्हणा, शिव्या द्या. साहेबांनी रेशमी तुकडा उचलून मायक्रोस्कोपवर नीट पसरला, कोपरे ओढले, आणि मला विचारलं, "रविवारी तुझे वडील घरी असतात का?"

मला काही समजलं नाही. बाहेर येऊन काटोलला सांगितलं तर तो काचेची नळी हातात धरून उभाच राहिला.

"येते तो," तो म्हणाला. "माह्या घरी बी आला होता. माह्या बापानं तं त्याचे पायच धरले. तवापासून मी कुठी गेलो नाही, दिसून राहिलं न तुले?"

रविवारी साहेबांची गाडी आमच्या गल्लीत आली. गल्लीतून गाडी जात नाही, म्हणून ती विहिरीजवळ थांबली आणि कोट घातलेले साहेब पायी चालत आले. मागे सगळी गल्ली. बाबा मागाच्या खड्ड्यातून उठले, हात धोतराला पुसले आणि जोडलेले हात शेवटपर्यंत सोडले नाहीत. मी शेजाऱ्यांकडून खुर्ची आणली. साहेबांनी ती बाजूला सारली आणि सतरंजीवर मांडी घातली.

"नाही जी, मले खालीच बरं वाटते," ते म्हणाले.

मी चमकून पाहिलं. मले! माझ्या तोंडातून ज्यांनी तो शब्द उपटून काढला, ते माझ्याच घरात बसून, माझ्याच बापापुढे, गोड आवाजात 'मले' म्हणत होते. त्या एका क्षणात मला कळलं की त्यांना आमची बोली खटकत नव्हती. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे तेवढं त्यांच्या हातात हवं होतं.

"चहा ठेव वं," बाबा आत ओरडले. "साहेबजी, तुमी कायले तकलीफ केली? मले बलावलं असतं."

"तुमचा पोरगा मले सोडून जाऊन राहिला," साहेब म्हणाले. "म्हणून म्हटलं, बापालेच विचारावं. मी त्याले पोटच्या पोरासारखं ठेवलं. माझं कुठी चुकलं असन तं सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही जात तो. मी सांगतो न. ज्यानं त्याच्या मायले जीव देल्ला, त्याले सोडून कुठी जाईन?"

"त्याची इच्छा असन तं..."

"त्याची काय इच्छा? माही जबान आहे, साहेबजी."

माय दाराशी चहा घेऊन उभी होती. तिने बशी खाली ठेवली आणि पदर सावरत म्हणाली, "पन साहेब, तो म्हन्ते तुमी त्याले त्या यंत्रातून पाहू देत नाही. पाहू द्या न. मंग तो कायले जाते?"

साहेब हसले. "बाई, त्यातून नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. अनुभव लागते."

"पाहूच नाही देल्लं तं अनुभव कवा येईन?"

"चूप वं!" बाबा म्हणाले.

साहेबांनी चहा संपवला. मागावरचं धोतर हातात घेऊन बाबांच्या विणीची तारीफ केली, मायला तब्येत विचारली, आणि गेले. जाईपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या नोकरीचं, माझ्या पुढच्या आयुष्याचं बोलणं झालं होतं, आणि मी त्या बोलण्यात खुर्ची आणण्यापुरता होतो. त्यानंतर कित्येक महिने गल्लीतली माणसं बाबांना सांगत होती, "तुह्या घरी डाक्टर येऊन बसला गा! खाली बसला!" आणि बाबा मान ताठ करून पुन्हा पुन्हा तेच सांगायचे.

मी गेलो नाही. बाबांची जबान होती. चंद्रपूरच्या बाईंना मी कळवलं की घरची अडचण आहे. त्यांनी भलेपणाने सांगितलं की पुढेही एक जागा निघेल, तेव्हा विचार करा.

पावसाळा संपता संपता एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. पोरगी तापाने फणफणलेली, हुडहुडी भरून आईच्या लुगड्यात शिरत होती. हिवताप असावा म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. मी रक्त घेतलं, स्लाइड रंगवली. रंग सुरेख चढला होता. साहेब आत बराच वेळ बसले. अलीकडे त्यांना बराच वेळ लागत असे. चष्मा काढत, पुसत, पुन्हा डोळा लावत. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, आणि आमच्यापैकी कोणाची ते बोलण्याची छाती नव्हती. शेवटी आतून आवाज आला, "जंतू नाहीत. लिही."

मी लिहिलं नाही. साहेब हात धुवायला मागच्या अंगणात गेले तसा मी आत शिरलो आणि डोळा लावला. तांबड्या पेशींच्या आत निळसर अंगठ्या होत्या, प्रत्येकीला एक लाल ठिपका. शोधावं लागलं नाही. जिथे बघावं तिथे होत्या.

मागे पावलं वाजली. मी वळलो.

"साहेब, आहेत. एकदा बघा."

ते यंत्रापाशी आले. बसले. खूप वेळ बघितलं. स्क्रू फिरवला, पुन्हा बघितलं. मग माझ्या हातातून कागद घेतला, स्वतःच्या अक्षरात 'हिवतापाचे जंतू आहेत' असं लिहिलं, सही केली आणि बाहेर जाऊन त्या बाईला म्हणाले, "आजच औषध सुरू करा."

मला वाटलं, आता तरी. इतका मी साधा होतो. रात्रभर मनात येत राहिलं की उद्या साहेब म्हणतील, ये, बस, माझ्या शेजारी बस.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोप लाकडी पेटीत होता, आणि पेटीला कुलूप होतं. साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "काल कोणीतरी विचारल्याशिवाय यंत्राला हात लावला," ते म्हणाले. "इथे डोळा एकच. उमरेड आजपासून फक्त काचा धुवेल."

पोरीला वेळेवर औषध मिळालं हे कोणी बोललं नाही. मी जर बघितलं नसतं तर ती 'जंतू नाहीत' असा रिपोर्ट घेऊन घरी गेली असती, हेही कोणी बोललं नाही. काटोलसुद्धा नाही. मी ॲप्रन काढून 'उमरेड'च्या खुंटीला अडकवला आणि साहेबांसमोर जाऊन म्हणालो, "मले जायचं आहे."

त्यांनी दुरुस्त केलं नाही.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते मागावर होते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला आणि थांबला.

"मी जबान देल्ली हाय."

"तुमी देल्ली बाबा. मले कोनी इचारलं नव्हतं."

"ज्यानं तुह्या मायले वाचवलं..."

"म्हनून जलमभर त्याच्या काचा धुवू? तो आंधळा होऊन राहिला बाबा, आनि दुसऱ्याले पाहू देत नाही. कोनाचं पोर मरन तवा?"

धोटा पुन्हा सुरू झाला. मी निघालो तेव्हाही तो चालूच होता. माय गल्लीच्या टोकापर्यंत आली.

चंद्रपूरला मला जागा मिळाली. पहिले काही आठवडे मी घरी गेलो नाही. मग एका शनिवारी उमरेडला जायला नागपूरच्या बसस्थानकावर उतरलो, तर काटोल भेटला. तो मला बाजूला घेऊन गेला.

"तुहा बाप आला होता," तो म्हणाला.

बाबा सकाळच्या बसने आले होते. हातात स्वतः विणलेलं नवं धोतर होतं, चांगल्या काठाचं. साहेबांना द्यायला. जबान मोडली म्हणून माफी मागायला. काटोलने आत जाऊन सांगितलं, "साहेब, उमरेडचे वडील आले." साहेब म्हणाले, "बसू दे."

बाबा रोग्यांच्या बाकावर बसले. रोगी आले, जीभ दाखवून गेले, रक्त देऊन गेले, रिपोर्ट घेऊन गेले. दुपारी साहेब जेवायला उठले आणि बाबांच्या समोरून गेले. बाबा हात जोडून उभे राहिले. साहेब थांबले नाहीत. जेवून परत आले, पुन्हा समोरून गेले. बाबा पुन्हा उभे राहिले. काटोलने पाणी दिलं तेवढं त्यांनी घेतलं. आमच्या घरच्या सतरंजीवर मांडी घालून ज्याने 'मले' म्हटलं होतं, त्या माणसाला माझ्या म्हाताऱ्या बापाला 'आत या' म्हणता आलं नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा. मी कृतघ्न असेन. पण बाबांनी त्याचं काय वाईट केलं होतं? एक शब्द दिला होता. तोही साहेबांनीच मागून घेतलेला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बाक रिकामा झाला. तुहा बाप समोरच्या भिंतीकडं पाहत बसला होता. उठला आनि खुंटीपाशी गेला. तुह्या ॲप्रनाचं कापड हातात घेतलं, असं अंगठ्यानं चोळून पाह्यलं, आनि मले म्हने, हे माह्या मागाचं हाय. मी म्हटलं, हो जी. त्यानं तो खुंटीवरून काढला, घडी केली, धोतरासोबत पिशवीत टाकला, आनि गेला. आतून साहेब पाहून राहिला होता."

त्या भिंतीवरून कोणी ॲप्रन काढून नेल्याची ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुंटीच उपटून काढायला लावली. भिंतीत भोक राहिलं. काटोल म्हणतो ते अजून आहे.

तर असे साहेब. पुढे एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरही त्यांनी पेटीचं कुलूप काढलं नाही, आणि त्यांच्यामागे त्या प्रयोगशाळेत स्लाइड वाचू शकणारा एकही माणूस उरला नाही. काटोलला आता पन्नाशीत कुठेतरी नव्याने काम शोधावं लागणार आहे. मुलं घडवली म्हणे. आशीर्वाद दिला म्हणे.

मी त्या शनिवारी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा ओट्यावर बसले होते. धंतोलीला गेल्याचं ते बोलले नाहीत, मला माहीत आहे हे मीही बोललो नाही. मायने पाणी दिलं. पाणी पिऊन झालं तसं बाबांनी विचारलं,

"तिथं पाहू देते का तुले? त्या यंत्रातून?"

"देते बाबा. रोजच पाहतो."

ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ॲप्रन होता, धुतलेला, घडी केलेला. कॉलरच्या आतलं 'उमरेड' तसंच होतं. माय म्हणाली, "लय घासलं, पन ती शाई नाही जात."

"कायले घासतं?" बाबा म्हणाले. "गाव आपलंच हाय." आणि ॲप्रन माझ्या हातात दिला. "सोमवारपासून हा घाल."